हवा धरलीय

वाटणीच्या यादीत तळ्यावरची होडी ओस्मोकडे गेली,
सौना अर्धा अर्धा, म्हणजे कुणाचाच नाही,
आणि ही त्र्याण्णव सालची यामाहा माझ्याकडे,
कारण तिचा क्लच मेलाय, असं तोच म्हणाला.

मी जनावरांची डॉक्टर.
मेलेलं कशाला म्हणायचं ते मला कळतं.

लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकायचा,
तापातल्या वासराच्या कानासारखा लुळा.
डबीत तेल होतं, पण कोऱ्या चहाच्या रंगाचं.
सात महिन्यांच्या हिवाळ्यात
झाकणाआडूनही हवेतलं पाणी पीत बसलेलं.
हे तेल असतंच म्हणे असं, तहानलेलं.

मेच्या अखेरीस कुसामोच्या तळ्यावरचा बर्फ गेला.
मी गुडघ्यावर बसून आठचा पाना लावला.
दाब, धर, ढिला कर, आवळ, सोड.
दाब, धर, ढिला कर, आवळ, सोड.
रात्रीचे अकरा वाजले
आणि ऊन अजून गॅरेजच्या दारातच उभं.
नळीतून नवं तेल आलं, काचेसारखं.
लिव्हर जसाच्या तसा.

शेजारचा आउलिस आला.
जंगलातली झाडतोडीची यंत्रं चाळीस वर्षं दुरुस्त करून
त्याचे दोन्ही कान गेलेत, आता तो हाताने ऐकतो.
लिव्हरवर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.
"हवा धरलीय."
ते मलाही ठाऊक होतं.
"मग तिला खाली का हाकतेस? तिला वर जायचंय."
एवढं बोलून तो दमला आणि कॉफी मागितली.

मी व्हॅनमधून सिरिंज आणली,
रेनडिअरना जंताचं औषध पाजायची, मोठी,
कोरी, पाकीट फोडून.
खालच्या निपलला नळी, अंगठ्याचा दाब सावकाश.
वर डबीत आधी काहीच नाही.
मग एक बुडबुडा, मोहरीएवढा.
मग तीन.
मग एक मोठा, पोट भरल्या ढेकरेसारखा,
आणि त्याच्याबरोबर टाकीवर उडालेला थेंब
जो मी पुसला, पण उशिरा.
लिव्हर ताठ! मी आउलिसकडे बघितलं.
तो कपाच्या तळाशी बघत म्हणाला,
"सकाळी सांग."

सकाळी पुन्हा लुळा.

मला राग आला. राग आला की मी नीट तपासते.
चेनच्या पुढच्या चक्राचं झाकण काढलं.
आत ओल होती. इतके दिवस मी तिला
चेनचं वंगण समजत होते.
बोट लावून वास घेतला. वंगण नव्हे.
सिलिंडर उघडला तर पिस्टनच्या अंगावर
गंजाचे तीन खड्डे, सुईच्या टोकाएवढे,
आणि रबरी सीलची कड त्यांच्यावर घासून खाल्लेली.
रोज दोन थेंब बाहेर, तेवढीच हवा आत.
ओस्मो अकरा वर्षं फक्त वरून तेल ओतत राहिला.
(मीही काही बाबतीत तेच केलं. ते इथे नको.)

औलूहून पाकिटात नवा पिस्टन आला, नवं सील,
दोन्ही मिळून कुत्र्याच्या लसीपेक्षा स्वस्त.
ताज्या तेलात बुडवून बसवलं. पुन्हा सिरिंज.
रात्रभर लिव्हर मुठीला बांधून ठेवला
आमच्या गेलेल्या कुत्रीच्या पट्ट्यानं.
तो पट्टा यादीत नव्हता.
दोघांनीही लिहिला नव्हता.

शनिवारी पेट्रोलपंपापर्यंत गेले, अकरा किलोमीटर.
तिथे मुद्दाम पहिल्या गिअरमध्येच थांबले,
लिव्हर दाबून, इंजिन चालू,
आणि साठपर्यंत आकडे मोजले.
गाडी बोटभरही पुढे सरकली नाही.
आइस्क्रीम खाणारा एक मुलगा बघत होता,
काहीच होत नाही म्हणून निघून गेला.

टाकीवर बदामाएवढा रंग उडालाय.
तेवढ्यापुरता रंग मिळतो छोट्या बाटलीत.
अजून आणलेला नाही.